तीन पावलांची खाच

मी एक जुने पाते आहे, बर्फावर नाचणाऱ्या बुटाखालचे, उजव्या पायाचे. मित्रांनो, मला सुरीसारखे समजू नका. माझ्या तळाला मधोमध उथळ पन्हळ आहे आणि तिच्या दोन्ही कडांना एकेक धार. उंच उडी मारलेली मुलगी यांपैकी एकाच धारेवर, मागे सरकत उतरते. तेवढ्या बारीक रेषेवर तिचा सगळा भार असतो.

कारखान्यातून आले तेव्हा मी बोथट होते. मला पहिली धार लावली ती भिंगरीच्या आजोबांनी. बर्फाच्या मैदानाच्या, म्हणजे रिंकच्या, मागच्या खोलीत त्यांचे यंत्र होते. धार लावून झाली की ते अंगठ्याचे नख माझ्यावर आडवे फिरवत. नखाचा पांढरा कीस निघाला की भिंगरीला म्हणत, "झालं. आता ही धार जप." भिंगरी त्यांची नात. ती जागच्या जागी अशी गरगर फिरे, की तिचे खरे नाव घरचेही विसरत चालले होते.

आजोबांचा नियम एकच होता : पात्यावर कव्हर असल्याशिवाय बर्फाबाहेर एकही पाऊल टाकायचे नाही.

पहिल्या वर्षी आम्ही खूप पडलो. दुसऱ्या वर्षी एक पदक मिळाले आणि आजोबांनी मला मऊ फडक्याने दोनदा पुसले. भिंगरीची एक खोड मात्र जाईना. दमली की उतरताना तिचे वजन टाचेकडे जाई. प्रशिक्षक मॅडम वैतागत. "मागे खुर्ची ठेवलीय का तुझ्यासाठी? बसतेस काय?"

चौथ्या वर्षी निवड स्पर्धा आली. पहिल्या तिघींनाच कनिष्ठ गटाच्या संघात जागा होती, आणि वयाच्या अटीमुळे भिंगरीची ही शेवटची संधी. पहिल्या फेरीनंतर ती दुसरी होती.

दुसऱ्या फेरीच्या दिवशी तिच्या गटाचा सराव पाच मिनिटे आधीच पुकारला गेला. भिंगरीने घाईत खोलीतच कव्हरे काढली आणि रबरी चटईवरून चालू लागली. दाराजवळची चटई फरशी पुसायला उचलून ठेवली होती. पुढे उघडी फरशी.

"तीनच तर पावलं," ती पुटपुटली.

तिसऱ्या पावलाला एक खडा माझ्या बाहेरच्या धारेखाली आला.

बर्फावरच्या पहिल्याच वळणाला मी करकरले. भिंगरी सरळ कठड्याशी आली आणि तिने पाय वर धरला. आजोबांनी नख फिरवले. टाचेजवळ ते अडकले.

"कव्हर कुठे होतं?"

"हातात."

खिशातला धारेचा छोटा दगड काढून आजोबांनी मला घासले. "वर आलेला कंगोरा गेला. खाच काढायला वेळ नाही, ती राहणार. वजन पुढे ठेवलंस तर ती बर्फाला लागणारच नाही."

"आणि नाही ठेवलं तर?"

"ते तुला माहीत आहे."

संगीत सुरू झाले. सात उड्या होत्या. मी एकेक मोजत होते. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी : वजन पुढे, खाच हवेत. पाचवीला तिचा घोटा थरथरला. सहावीही निभावली. सातवीला ती दमली होती. वजन केसभर मागे सरकले आणि खाचेने बर्फ धरला. मला सोडवेना, मित्रांनो. तिचा तळहात बर्फावर टेकला.

ती चौथी आली. तिसरीशी फरक अर्ध्या गुणाहून कमी होता.

"चटई कोणी उचलली होती?" मॅडम कडाडल्या.

"उचललेली मला दिसली होती, मॅडम," भिंगरी म्हणाली, आणि खाली बसून मला पुसू लागली.

नंतर आजोबा मला यंत्रावर घासून खाच काढू शकले असते. तिने काढू दिली नाही. आता मी त्यांच्या यंत्राच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला टांगलेले आहे. भिंगरीच्या बुटाला नवे पाते आहे, ती मोठ्यांच्या गटात खेळते. बर्फावरून बाहेर येताना कोणी कितीही हाका मारो, ती दाराशी एका पायावर उभी राहते आणि कव्हर चढवते. नवीन मुले शिकायला आली की आजोबा एकेकाचे नख माझ्यावरून फिरवतात. टाचेजवळ ते अडकते. मुले आपापली कव्हरे चाचपून पाहतात.

मित्रांनो, घाई तुम्हालाही होईल. तेव्हा कव्हर बहुधा तुमच्या हातातच असेल. ते चढवायला चार सेकंद लागतात. इथे टांगल्या टांगल्या मी मोजले आहेत.