चार इंचांचं भोक
जावयाने जळती मेणबत्ती स्पीकरच्या लाकडी पेटीच्या कडेने हळूहळू फिरवली. मागच्या कोपऱ्यापाशी ज्योत आडवी झाली, फडफडली आणि विझली. आतल्या स्पीकरचा घुमणारा आवाज तिथे शिट्टीसारखा चिरकत होता.

"इथूनपण हवा जातेय," म्हणत त्याने पेन्सिलीने सातवी फुली मारली.

बायको दारात उभी होती. "चार वाजता बाई येणार आहेत."

"माहीत आहे."

"नऊ वाजलेत."

"तेही माहीत आहे."

दुकानातली नोकरी सोडून त्याला तीन महिने झाले होते. नृत्यशाळेच्या बाई आज त्याच्या पेटीचा आवाज ऐकणार होत्या. पसंत पडला तर वर्षभराच्या सगळ्या कार्यक्रमांच्या साउंडचं काम त्याचं. नाही तर सोमवारी पुन्हा काउंटरमागे उभं राहायचं, असं नवराबायकोत ठरलं होतं. प्लायवूड त्याने स्वतः कापलं होतं. मापं अचूक होती, सांधे मात्र हौशी माणसाचे होते.

आतून सासरे बाहेर आले. त्यांनी चाळीस वर्षं बोटी दुरुस्त केल्या होत्या. फुटलेल्या तळाला काचतंतूंची फायबरची मॅट आणि वर चिकट रेझिन लावायचं आणि पाण्याला वाट म्हणून ठेवायची नाही, हे त्यांचं काम. धक्क्यावर त्यांना सगळे बूचमामा म्हणत. लेकीकडे येऊन आठवडा झाला होता, पण जावयाशी बोलणं 'जेवलात का' याच्या पुढे गेलं नव्हतं.

त्यांनी पेटीभोवती चक्कर मारली, सांध्यावरून अंगठा फिरवला.

"जावईबापू, ही पेटी आहे की चाळण?"

"बाबा!" मुलगी म्हणाली.

"विचारतोय फक्त. रेझिन आहे का?"

"डबा आणलाय, मामा. मॅटपण आहे. पण मी कधी लावलेलं नाही."

बूचमामांनी बाह्या सरसावल्या. चष्मा पुसला. आठवडाभर खिडकीशी बसून असलेला माणूस एकदम सहा वर्षांचा झाल्यासारखा गुडघ्यांवर आला.

"स्पीकर काढा. खिडक्या उघडा. हार्डनर घातलं की वीस मिनिटांत रेझिन घट्ट. मग ते तुमचंही ऐकत नाही आणि माझंही."

स्पीकरच्या मोठ्या भोकातून दोघांचे हात आत गेले. आधी कोपऱ्यांत घट्ट लगदा, मग मॅटच्या पट्ट्या, वर रेझिन.

"ब्रश ओढू नका, टोचा. भिंत रंगवताय का? हा पांढरा ठिपका दिसतो? आत हवा अडकलीय. हाकला तिला!"

जावई टोचत होता, घामाघूम होत होता आणि मास्कच्या आत हसत होता. मॅट भिजली, पांढरी होती ती काचेसारखी झाली, खालच्या लाकडाच्या रेषा दिसू लागल्या. साध्या प्लायवूडची पेटी आता दगडासारखी होणार होती.

साडेदहाला तो अॅम्प्लिफायर आणायला निघाला. दारातून मागे वळून म्हणाला, "मामा, हवा जायला कुठेही फट ठेवू नका हं."

"मला सांगताय?"

तो परतला तेव्हा एक वाजला होता. पेटी चकचकत होती. मामांनी बोटाच्या पेराने वाजवून दाखवली. टणटण. जावयाने वाकून आनंदाने चारही बाजू पाहिल्या, आणि पुढच्या बाजूला त्याचा हात थांबला.

"मामा, इथे खाली गोल भोक होतं."

"होतं ना! सगळ्यांत मोठी गळती. बाहेरून फळी लावली, आतून चार थर दिले. हत्ती उभा करा त्यावर."

"आणि तो पाइपचा तुकडा?"

"तो होय? मोरीचा समजून मोरीत ठेवला."

जावई खालीच बसला. बायकोने तोंडावर हात धरला.

"ते भोक मी मुद्दाम ठेवलं होतं. मोजून चार इंच. त्यात तो पाइप बसतो, आणि खालचा खोल सूर त्यातून बाहेर येतो."

मामांनी बुजवलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. "मुद्दाम भोक?"

"नशीब, स्पीकरचं तरी ठेवलंत."

"त्यातून हात घालत होतो म्हणून."

कुणीच हसलं नाही. जावयाने स्पीकर बसवला, आवाज लावला. शिट्टी गेली होती, सूर स्वच्छ होता. पण कोरडा होता, छातीपर्यंत येत नव्हता.

"चालेल," तो वायर गुंडाळत, वर न बघता म्हणाला. "मामा, चालेल. काम उत्तम झालंय."

"चालेल म्हणणारे धक्क्यावरही होते," मामा म्हणाले. "पोहत परत यायचे."

त्यांनी स्पीकरचे स्क्रू स्वतः सोडवले. मोजपट्टीने जागा धरली, गोल आखला. विजेची करवत टेकवली आणि क्षणभर तशीच ठेवली. मग दात आवळून बटण दाबलं. पांढरी भुकटी त्यांच्या भुवयांवर साचत गेली. शेवटी चकती आत गळून पडली तेव्हा त्यांनीच मोठा श्वास सोडला.

पाइप बसला. त्याच्या कडेनेही मामांनी लगदा भरला आणि तो वाळेपर्यंत दोघं घड्याळाकडे बघत राहिले.

साडेतीनला जावयाने स्पीकर पुन्हा बसवून बटण दाबलं. खिडकीची काच थरथरली. पाइपच्या तोंडाशी वाकलेल्या मामांच्या कपाळावरचे केस वाऱ्याने मागे गेले.

"अगं, फुंकतेय ही!" ते लेकीवर ओरडले. "इकडे ये, हात धर. लाव रे, अजून मोठा लाव!"

बाई चारला आल्या, बरोबर. खुर्ची नको म्हणाल्या. पहिल्या मिनिटाला त्यांचा चेहरा कोराच होता. मग त्यांच्या उजव्या पायाची टाच जमिनीवर ठेका धरू लागली, आणि जावयाने बायकोकडे पाहिलं.

"शनिवारी दोनला हॉलवर आणा," बाई म्हणाल्या. "वर्षाच्या तारखा तेव्हाच देते."

निघताना त्या पेटीसमोर वाकल्या. "हे एवढं भोक बुजवायचं राहिलंय का?"

जावयाने तोंड उघडलं, पण मामा आधीच पुढे झाले होते.

"छे हो बाई," ते जरा रागानेच म्हणाले. "ते मुद्दाम ठेवलंय. चार इंच. त्याला कुणी हात लावायचा नाही."