पहिल्या शिकारीचे हंस

माझी भाची अगाफिया शाळेच्या स्वयंपाकघरात बर्फगाडी बाहेर लावून मागच्या दाराने आली, तेव्हा तिच्या एका हातात दोन रानहंस होते आणि खांद्याला बंदूक.

"आत्या, आधी ही घे," ती म्हणाली. बंदूक उघडून रिकामी नळी मला दाखवली, काडतुसं माझ्या हातावर ठेवली. मी सगळं कोठीत ठेवून कुलूप लावलं, किल्ली गळ्यात अडकवली आणि मगच हंसांकडे बघितलं. चांगले चरबीदार होते.

पोरीचा आयुष्यात पहिल्यांदा नेम लागला होता. पहिली शिकार आम्ही घरी खात नाही, म्हाताऱ्यांना घालतो. आणि शुक्रवारी आमच्या गावातले म्हातारे शाळेतच जेवतात, मग तिने हंस न्यायचे तरी कुठे? अलास्कातला तो लांबलचक हिवाळा गोठवलेलं मांस खाऊन काढलेला, त्यात हे ताजे पक्षी. शाळेचा स्वयंपाक माझ्याकडेच, मी पिसं उपटायला बसले. दुसरं काही डोक्यातच आलं नाही.

नियम काय, दारावरच लावलेला आहे: शाळेत बंदूक आणली तर वर्षभरासाठी शाळेतून काढणार. आम्ही रोज त्याच्याखालून जातो. तो डोकं फिरलेल्यांसाठी आहे, असं मी आपलं धरून चालले होते.

मुख्याध्यापिका डेलनीबाई बाहेरगावच्या, आमच्याकडे पहिलंच वर्ष. कॉफी घ्यायला आल्या, हंस कुठून आले म्हणून विचारलं, आणि आमच्या सरळमार्गी पोरीने बंदुकीसकट सगळं सांगून टाकलं. बाईंनी कॉफी तशीच खाली ठेवली.

"मला वर कळवावंच लागेल, नास्ताशिया. माझ्या हातात नाही ते."

वाईट बाई नव्हती. पण त्या दिवशी मला तिचं तोंड बघवेना. महिन्याभराने अगाफियाची शाळा संपणार होती, शहरात नर्सिंगला जागा मिळाली होती. गावात दुसरी शाळा नाही. वर्षभर घरी बसवलं असतं तर ती जागा थोडीच थांबणार होती? दोन रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

सोमवारी जिल्ह्याचे शिक्षणप्रमुख रस्मसनसाहेब विमानाने आले. सुनावणी जेवणाच्या हॉलमध्ये. बोलावलं होतं आम्हाला दोघींना, येऊन बसलं अख्खं गाव.

"बंदूक बाहेर बर्फगाडीवरच का नाही ठेवलीस?" साहेबांनी विचारलं.

अगाफियाला प्रश्नच कळेना. "बाहेर पहिलीची पोरं खेळत होती," ती म्हणाली. "पोरं असतात तिथे बंदूक सोडून जायची नसते."

"मग घरी ठेवून यायचं."

"हो. ते चुकलं माझं. हंस गरम आहेत तोवर एवन आजोबांना दाखवायचे होते."

साहेब माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही काय केलंत?"

"कुलूप लावलं," मी म्हणाले. "आणि स्वयंपाक केला. जेवायला माणसं बसली होती."

मागून एवन आजोबा बोलले. ते बहिरे आहेत, त्यामुळे सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "मऊ शिजले होते म्हणावं त्याला."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. कायदा वर्षभराचाच आहे, म्हणाले, पण माणूस आणि प्रसंग बघून कमी करायचा अधिकार मला आहे. "तीन दिवस शाळेत पाऊल ठेवायचं नाही. गुरुवारी वर्गात यायचं, आणि पुन्हा शाळेच्या आवारात बंदूक दिसता कामा नये."

म्हणजे नर्सिंगची जागा वाचली.

माझा भाऊ याकोव्ह, पोरीचा बाप, उठला. "साहेब, सध्या हंसांचा मोसम ऐन भरात आहे. ही शिक्षाच आहे ना?"

हॉल असा हसला की साहेबांनाही हसू दाबता आलं नाही. दोन टवाळ पोरं तर, आम्हाला तीन दिवस मिळायला काय करावं लागेल, असं विचारायला लागली. त्यांच्या आयांनी त्यांना तिथेच गप्प केलं.

सगळे पांगल्यावर डेलनीबाई स्वयंपाकघरात आल्या आणि नुसत्याच उभ्या राहिल्या. "मी झोपलेच नाही गं," त्या म्हणाल्या. "तिचं वर्ष माझ्यामुळे गेलं असतं."

मी त्यांना स्टुलावर बसवलं, माशाचं सूप वाढलं. दोन चमचे घेतले आणि त्या रडायलाच लागल्या. मग मीही रडून घेतलं. अगाफिया तेवढ्यात बर्फगाडी काढून नदीकडे गेलीसुद्धा होती.