वऱ्हाडाची कोनफळं

आमच्या बेटावर ज्याचे त्याचे आकडे वेगळे. नारळांचे वेगळे, डुकरांचे वेगळे, कोनफळांचे वेगळे आणि माणसांचे त्याहून वेगळे. माणसांचे आकडे येणारा शेवटचा म्हातारा गेल्या पावसाळ्यात देवाघरी गेला. तेव्हा कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. आलं ते बुलेच्या लग्नात.

वऱ्हाड दारात आलं की जुन्या बोलीत मोजून घ्यायचं, मगच नवरी बाहेर येते. बुलेची आई लेइवाली आजारी. डोळे मिटायच्या आत सून घरात यावी, एवढंच तिचं देवाकडे मागणं. आणि मोजायला उरली होती एकटी मोतारी आजी. तिला यायचे ते फक्त कोनफळांचे आकडे.

कुणीतरी शाळेतल्या आकड्यांचं सुचवलं. नवरीचा बाप विरालेओ म्हणाला, "माझ्या लेकीचं लग्न आहे, शाळेची हजेरी नाही."

मग आजीनं आम्हांला कोनफळं म्हणूनच मोजलं. आजी आकडे गाते. काय सांगू, सूर असा लागला की पाद्रीबाबांचेही डोळे मिटले, मान डोलू लागली. देव आपल्याला मोजत असेल तर असाच गाऊन मोजत असेल.

मोजणी संपली. विरालेओ गंभीरपणे म्हणाला की आलेली कोनफळं कोठारात गेली पाहिजेत. रीतीपुढं कोण बोलणार? आम्ही गेलो. मोठी कोनफळं खाली रचतात, म्हणून पाद्रीबाबा तळाशी बसले. विरालेओची बायको एकेकाचा गाल दाबून पाहू लागली. खोकणाऱ्या काकांना तिनं किडकं म्हणून बाजूला काढलं. काकांना राग आला तो किडकं म्हटल्याचा, कोनफळ म्हटल्याचा नाही.

बाहेर तापल्या दगडांवरचं डुक्कर करपत चाललं. माणसं म्हणून आम्ही अजून मोजले गेलोच नव्हतो, म्हणून नवरी दाराआडच. शेवटी लेइवालीचा धीर सुटला. कोठाराच्या फळीवर बसूनच ती म्हणाली, "व्याही, कोनफळं घेतलीत ना? मग रीतीप्रमाणं बियाणं परत द्या."

आता विरालेओची पंचाईत. बराच विचार करून त्यानं आमच्यातून बुलेला निवडलं आणि लेइवालीसमोर उभं केलं.

"एकच?" मोतारी आजी म्हणाली. "अरे, तुझा बापसुद्धा इतका कंजूष नव्हता."

सगळं कोठार हसलं. विरालेओ मान खाली घालून घरात गेला आणि लेकीला हाताला धरून घेऊन आला. तिला बुलेशेजारी उभं केलं, पण हात काही सुटेना.

"हे आमच्या मळ्यातलं सगळ्यात चांगलं," तो हळूच म्हणाला. "सावलीत ठेवा."

लेइवालीनं दोघांना जवळ घेतलं आणि बियाणं नेतात तसं, डोक्यावर केळीचं पान धरून, घरी नेलं.