होसकोट्याच्या टेम्पोची नोंद

दुपारी तीनला शिवानी म्हणाली, "काका, कृष्णमूर्तींच्या मशीनचं काही जमत नाही. पाचला मुदत संपते आणि अजून निम्मी रक्कमही आलेली नाही."

विश्वेश्वर सर्जापूर रोडजवळच्या आपल्या घराच्या तळमजल्यावर बसला होता. माणूस निपाणीकडचा. पंचवीस वर्षं बेंगळुरूतल्या कारखान्यांसाठी माल खरेदी करण्यात गेली. मग नोकरी सोडून त्यानं पुण्याहून आलेल्या शिवानीला भागीदार म्हणून घेतलं आणि फोनच्या ॲपवर घाऊक बाजार उभा केला. लहान कारखानदार तिथं माल विकायचे, दुकानदार घ्यायचे. कारखानदाराला यंत्र हवं असलं तर दुकानदारच थोडे थोडे पैसे घालायचे आणि पुढं त्याचा माल स्वस्तात घ्यायचे. मुदतीत रक्कम भरली नाही तर ज्याचे त्याला परत. पैसे घालताना बघायचं एकच, त्या माणसाची पत. ती ब्लॉकचेनवर लिहिलेली असायची. म्हणजे एकच वही शेकडो जणांच्या घरी. एकानं खाडाखोड केली की बाकीच्यांना लगेच कळणार.

होसकोट्याच्या कृष्णमूर्तींची पुठ्ठ्याची खोकी एक नंबर. तरी दुकानदार हात आखडून बसले होते.

"एकच लाल शेरा आहे," शिवानी म्हणाली. "फेब्रुवारीत माल वेळेत पोचला नाही. बारा तारीख. खरेदीदार..." तिनं नाव पुन्हा वाचलं. "काका, खरेदीदार तुम्हीच आहात."

बारा फेब्रुवारीला सकाळी विश्वेश्वरची बायको प्रियदर्शनी गेली होती. तिच्या चटणीच्या धंद्यासाठी खोकी तिनंच त्याच्या नावावर मागवली होती. टेम्पो आला की नाही, हे त्याला चार महिन्यांत एकदाही आठवलं नव्हतं.

त्यानं कृष्णमूर्तींना फोन लावला आणि कन्नडमध्ये सरळच विचारलं, "त्या दिवशी माल का नाही आणलात?"

"आणला होता की! मीच पुढं बसलो होतो. गल्लीच्या तोंडाशी आलो तर तुमच्या दारात माणसं, तिरडी बांधायचं चाललेलं. ड्रायव्हरला म्हटलं, फिरव गाडी. अशा घरी कोण खोकी उतरवतं, अण्णा?"

"मग मला सांगायचं नाही?"

"काय सांगू? अक्का गेल्या आणि माझे मार्क गेले, असं?"

दारात माल घेणाऱ्यानं फोननं पोच दिली नाही तर दोष माल देणाऱ्याचा, हा नियम विश्वेश्वरनंच लिहिला होता. लिहिताना सुतक डोक्यात आलं नव्हतं.

"दोन मिनिटं द्या," शिवानी म्हणाली. "ॲप आपलंच आहे. शेरा लोकांना दिसणारच नाही असं करते."

"आज चांगल्या माणसासाठी लपवशील. उद्या कुणासाठी?"

"मग मशीन जाऊ द्यायचं?"

"तसं कोण म्हणालं? सरक, मला बसू दे."

चूक घेणाऱ्याची होती, अशी कबुली द्यायची सोय बाजारात होती. प्रियदर्शनीनं भांडून ती घालायला लावली होती. "विकणाऱ्याचेच कान पिळणार? घेणारा काय देव लागून गेला?" पण आजवर एकाही दुकानदारानं ती वापरली नव्हती. कबुली दिली की दोष आपल्या नावावर, आणि पुढं वर्षभर प्रत्येक मालाचे सगळे पैसे आगाऊ.

"काका, बाजाराच्या मालकाचीच पत तळाला दिसेल. लोक हसतील."

"हसू देत. वाचतील तरी."

कारणाच्या चौकटीत तो एका बोटानं लिहू लागला. आधी लिहिलं, 'घरगुती अडचण'. ते खोडलं. पाठवेपर्यंत खोडता येत होतं, नंतर नाही. प्रियदर्शनी गेली हे त्यानं आजवर कुठंच लिहिलं नव्हतं. मृत्यूच्या दाखल्याचे कागदसुद्धा मेव्हण्यानं भरले होते. मग त्यानं लिहिलं, 'टेम्पो वेळेवर आला होता. त्या सकाळी माझी बायको प्रियदर्शनी वारली. माल घ्यायला दारात कुणी नव्हतं. कृष्णमूर्तींनी आमचा मान राखून गाडी परत नेली. चूक आमची.'

एकदा वाचलं आणि पाठवलं.

लाल शेरा जागेवरच राहिला. त्याच्या खाली कबुली आली. कृष्णमूर्तींची पत वर चढली, विश्वेश्वरची तळाला गेली, आणि थांबून राहिलेल्या दुकानदारांच्या फोनवर तशी खबर गेली. पहिली वीस मिनिटं काहीच झालं नाही. मग बेळ्ळंदूरच्या एका बेकरीवाल्यानं पैसे घातले. त्याच्यामागून एक मिठाईवाला, मग एकदम अकरा जण. पाचला सात मिनिटं कमी असताना रक्कम पुरी झाली. शिवानी अशी ओरडली की वरचा भाडेकरू जिन्यातून डोकावून गेला.

पाठोपाठ कृष्णमूर्तींचा फोन. "अण्णा, काय हे केलंत? आता तुम्ही खोकी मागवलीत तर मला आधी पैसे मागावे लागतील."

"मागा."

"तुमच्याकडे? तोंड कसं उघडू?"

"उघडा. सोमवारी चटणीची हजार खोकी हवीत. बोला."

"सरी, ठीक आहे," कृष्णमूर्ती म्हणाले आणि दबक्या आवाजात त्यांनी आकडा सांगितला. मग जरा धीर आला असावा. "पैसे आले की गाडी निघेल. त्याआधी नाही."

"आत्ता कसं बोललात!" विश्वेश्वर म्हणाला आणि पैसे भरायला लागला.