नकलांचं खोकं

सकाळी अकराला चढलेला यादोरावांचा पारा दुपारच्या जेवणानंतरही उतरला नाही. भंडाऱ्याच्या त्या हॉलमध्ये त्यांच्याच रेकॉर्डी मांडल्या होत्या आणि त्यांनाच त्या ओळखू येत नव्हत्या. वरठीच्या स्टेशनावर पार्सलबाबू म्हणून तीस वर्षं काढताना दर सुटीला नागपूर गाठायचं, जुन्या बाजारात उकिडवं बसायचं आणि धुळीतून एकेक रेकॉर्ड वेचायची, असा त्यांचा संसार होता. प्रदर्शन भरवणाऱ्या कॉलेजच्या धनंजय सरांनी मात्र एका सकाळीत त्याची फाळणी करून टाकली. काचेच्या कपाटात ‘अस्सल’, टेबलाखालच्या खोक्यात ‘नक्कल’. तशा चिठ्ठ्याच चिकटवल्या होत्या.

संग्रह सगळा एकाच वेडाचा. पन्नास वर्षांपूर्वी विलायतेत काही गडी ओठांना लाली, गालांना चमकी लावून आणि उंच टाचांचे बूट घालून रॉक गायचे. ग्लॅम रॉक म्हणतात त्याला. असलं पहिलं पाकीट हाती आलं तेव्हा दुकानदार फिदीफिदी हसला होता. यादोराव हसले नाहीत. त्यांच्या मनात आलं, हे तर आपल्या दंडारीतलेच! ज्याचं बालपण मांडवाखाली दंडारीची नाटकं पाहण्यात गेलं, त्याला लुगडं नेसून, टिकल्या लावून गाणाऱ्या पुरुषाचं कसलं नवल?

तेव्हापासून एकेका गाण्याच्या मागेच लागले. मूळ रेकॉर्ड मिळाली की पुढं ते गाणं आणखी कुणी गायलं, याचा शोध. चांदीच्या बुटांचं एक गाणं होतं. ते जर्मनीतल्या पोरींनी किंचाळून गायलं होतं, जपानच्या एका म्हाताऱ्यानं नुसत्या गिटारवर. ही सगळी कव्हर व्हर्जन यादोराव मूळ गाण्याला चिकटून ठेवत. माय जिथं, लेकरं तिथं, हा त्यांच्या कपाटाचा कायदा. धनंजय सरांनी लेकरं उचलून खोक्यात घातली.

आणि त्या खोक्यात सगळ्यात खाली चंद्रकुमार होता.

चंद्रकुमार म्हणजे त्यांचा जिवाचा दोस्त, दंडारीत बाईचं काम करणारा. रेल्वे क्वार्टरात तीन रविवार बसून त्यानं ते चांदीच्या बुटांचं गाणं ऐकलं, इंग्रजीचा एक शब्द कळत नसताना चाल उचलली, आणि बुटांचे पैंजण करून आपले शब्द घातले. पवनीच्या बाजूला गाणं असं चाललं की मुंबईच्या एका छोट्या कंपनीनं त्याची रेकॉर्ड काढली. पाकिटावर चंद्रकुमार लाली लावून, कमरेवर हात ठेवून उभा. वर्षभरात कावीळ होऊन तो गेला. त्याच्या घरच्या दोन रेकॉर्डी गोसीखुर्द धरणाच्या पाण्यापायी गाव उठलं त्या धांदलीत गेल्या. उरली ती यादोरावांची एक. आज ती स्टेजवर वाजावी, एवढ्यासाठीच त्यांनी कपाट उघडून दिलं होतं.

“सर, हे काहून खोक्यात टाकली?” यादोरावांनी विचारलं.

“काका, ती कॉपी आहे ना,” धनंजय सर समजुतीनं म्हणाले. “शिवाय सदोष. गाता गाता माणूस मधेच थांबतो, काहीतरी बोलतो. पाहुणे नागपूरहून येताहेत, त्यांना काय सांगू?”

सदोष! यादोरावांच्या कपाळाची शीर उडायला लागली. दंडारीत रंगात आलेलं गाणं थांबवून बक्षीस जाहीर करायचं असतं, अमक्याकडून इतकं, कंपनी त्यांची आभारी आहे, ही इथली रीत. मुंबईच्या स्टुडिओत समोर चिटपाखरू नव्हतं, तरी सवयीपायी मधल्या वाजवण्यावर चंद्रकुमारनं बक्षीस जाहीर केलंच. तेही आपल्याच बायकोच्या नावानं. यादोराव दरवेळी त्या जागेवर हसत.

“कॉपी म्हंता?” ते ओरडले, तशी खुर्च्या मांडणारी माणसं थांबली. “विलायतेच्या माणसानं लाली लावली त कला, अन् आमच्या माणसानं लावली त नक्कल? ज्या गाण्याची तुमाले लाज वाटून राहिली, त्याच्यावर माणसं रातभर जागली सर! हे वाजत नसन त मी सारं उचलतो. आताच्या आता रिक्षा बोलावतो!”

आणि खरोखरच त्यांनी काचेचं कपाट उघडून रेकॉर्डी काढायला सुरुवात केली. सरांचं तोंड पाहण्यासारखं झालं. अडला हरी! पाहुणे अर्ध्या तासावर आलेले. “बरं काका, बरं. सुरुवातीलाच लावू.”

यादोराव छाती काढून स्टेजकडे निघाले, तेवढ्यात दारात एक म्हातारी दिसली. सोबत कॉलेजातली नात. शकुनबाई, चंद्रकुमारची बायको. वीसेक वर्षांत भेट नव्हती.

“नमस्कार भाऊजी. या खुशबूनं मोबाइलात इथल्या पाकिटाचा फोटो दाखवला,” ती म्हणाली. “म्हने, आजी, आबा आहे याच्यात. म्हून आलो.”

यादोरावांना भरून आलं. आपण लढलो ते सार्थकी लागलं. तिला पुढच्या खुर्चीवर बसवून त्यांनी घरून आणलेल्या आपल्या मशीनवर स्वतः सुई टेकवली.

ढोलकी वाजली, ऑर्गन वाजला, आणि चंद्रकुमारचा तो नखरेल आवाज हॉलभर झाला. शकुनबाई पदर तोंडाशी धरून ऐकत होती. मग ती जागा आली. गाणं थांबलं. ‘शकुनबाईकडून सोन्याचं डोरलं बक्षीस. कंपनी तिची आभारी आहे.’ यादोराव सवयीनं हसले.

शकुनबाई हसली नाही. गाणं संपलं तरी तिचे डोळे मशीनवरून हटेनात.

“मुंबईले जायाले पैसे नोहते,” ती हळूच म्हणाली. “मीच देल्लं होतं डोरलं मोडाले. सासूले सांगतलं, नदीवर हरवलं. मरेपर्यंत बोलली मले ते. चार बायांत बोलली. हे एक शब्द नाही बोलले, म्हून मी त्याईच्यावर रागच धरून होती.” तिनं डोळे पुसले. “मंग हे त माह्यं नाव घेऊन बसले होते.”

यादोरावांनी रेकॉर्डवरची सुई उचलली.

“हे तुमच्या घरी कवापासून आहे, भाऊजी?”

“अडतीस वर्सं.”

“रोज आयकत होते?”

“नाही... कधीमधी.”

“मंग मले काहून नाही बोलावलं?”

कारण होतं. लुगड्यातल्या खेड्यातल्या बाईला काय कळणार यातलं, असं त्यांनी कधीतरी मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि पुन्हा त्यावर विचारही केला नव्हता. समोर धनंजय सर उभे होते. सकाळपासूनचा सगळा राग यादोरावांच्या अंगात तसाच होता, पण आता तो सरांवर काढता येईना.

त्यांनी रेकॉर्ड पाकिटात घातली आणि दोन्ही हातांनी शकुनबाईच्या मांडीवर ठेवली.

“वाजवाले मशीन तवाही नोहतं, आताही नाही न माह्यापाशी,” ती म्हणाली.

“मशीनही घेऊन जा,” यादोराव म्हणाले, आणि वाकून भिंतीतली पिन काढू लागले.