इस्त्रीवाल्या जावांच्या टाचा

दोघी सख्ख्या जावा. खाली इस्त्रीचं दुकान, वर घर. सासऱ्यांनी सुरू केलेलं हे दुकान गेली नऊ वर्षं या दोघीच चालवत होत्या. दोन टेबलं समोरासमोर, मध्ये कपड्यांचा ढीग आणि पायाखाली टणक फरशी. थोरलीचा एकच नियम होता, इस्त्री उभ्यानंच करायची. बसून केली की जोर लागत नाही, बाहीवर दुसरी घडी पडते आणि गिऱ्हाईक तिसऱ्या दुकानात जातं, असं ती म्हणे. तिच्यापुढे बोलायची तिच्या नवऱ्याची टाप नव्हती, मग धाकटीची काय कथा.

त्या वर्षी धाकटीची उजवी टाच दुखायला लागली. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. दहा-वीस पावलांनी कळ ओसरायची आणि दुपारी पुन्हा डोकं वर काढायची. तिनं गरम पाण्यात पाय बुडवून पाहिले, तेल चोळलं, सपातेत जुन्या टॉवेलची घडी घातली. ती घडी चालताना शेपटीसारखी मागून बाहेर यायची. थोरलीपुढे मात्र तिनं चकार शब्द काढला नाही. सांगून ऐकायला काय मिळणार, तर "तुझं वय काय आणि माझं वय काय."

दुखणं ओळखलं ते एका गिऱ्हाइकानं. पांढरे कोट इस्त्रीला टाकणारी एक फिजिओथेरपिस्ट होती. थोरली वर जेवायला गेली असताना ती आली आणि धाकटीकडे बघत राहिली.

"बगळ्यासारख्या एका पायावर का उभ्या राहता?"

धाकटीनं सांगून टाकलं. बाईंनी तिला खोक्यावर बसवलं आणि टाचेवर अंगठा दाबला. धाकटीनं ओठ आवळले.

"टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक पट्टा असतो, तो ताणलाय," बाई म्हणाल्या. मग त्यांनी तिची सपात उचलून सहज दुमडली. "ही चप्पल नाही, पुठ्ठा आहे. मधून दुमडणार नाही, टाच घट्ट धरेल आणि तळव्याच्या कमानीला आधार देईल असा बूट घ्या. संध्याकाळी जा, तेव्हा पाय पसरलेला असतो. आणि धीर धरा, दोन-तीन महिने जातील."

त्याच संध्याकाळी धाकटी चपलांच्या दुकानात गेली. म्हाताऱ्या दुकानदारानं नाजूक, रंगीत जोड समोर मांडले. तिनं एकेक उचलून दुमडून पाहिला.

"बाई, चपला घ्यायला आलात की मोडायला?" त्यानं विचारलं.

तिनं टाचेचं सांगितल्यावर तो शिडी चढला आणि वरच्या फळीवरून एक तपकिरी जोड घेऊन उतरला. रुंद, जाड, दिसायला अगदी ओबडधोबड. पण पाय आत गेले आणि कुणी खालून ओंजळ धरल्यासारखं तिला वाटलं. ती दुकानात दोन चकरा मारून आली. तिसरी उगाच मारली.

दुसऱ्या दिवशी थोरलीनं ते बूट पाहिले. "हे जोडे आहेत की होड्या? वल्ही कुठं ठेवलीस?"

तीन दिवस हेच चाललं. धाकटी हसून चादरी उरकत राहिली.

जेवायला वर जाताना ती बूट जिन्याखाली काढून ठेवायची. आठवडाभरानं एकदा ती लवकर खाली आली, तर बूट जागेवर नव्हते. ते थोरलीच्या पायांत होते. थोरली पाठमोरी उभी राहून शर्ट उरकत होती आणि चक्क गुणगुणत होती.

"ताई, होडी बरी चालते का?"

थोरलीनं इस्त्री उभी करून ठेवली.

"किती दिवस चाललंय हे?" धाकटीनं विचारलं.

"बुटांचं विचारतेस की टाचेचं? बुटांचं पाच दिवस. टाचेचं सहावं वर्ष."

"मग बोलला का नाहीत?"

"उभं राहायचा नियम माझाच. तो मीच कसा मोडू? तुझ्या पायाचं विचारलं असतं तर तू माझ्या पायाचं विचारलं असतंस."

"म्हणजे मी लंगडतेय हे दिसत होतं तुम्हाला?"

"समोरासमोर टेबलं आहेत. मी काय आंधळी आहे?"

धाकटीला राग आला, पण तो टिकला नाही. थोरलीचा पाय मोठा, त्यामुळे बूट निघेचना. धाकटी खाली बसून ओढायला लागली. तो एकदम सुटला तशी ती कपड्यांच्या ढिगात उताणी पडली. थोरली इतकी हसली की तिला टेबल धरावं लागलं.

दुकान तासभर आधी बंद करून दोघी चपलांच्या दुकानात गेल्या. थोरलीला पाहून दुकानदारानं विचारलं, "याही मोडणार का?" तिनं एक नंबर मोठा, काळा जोड घेतला. नंतर इस्त्रीच्या दुकानात दोन उंच स्टुलं आली, पायांखाली रबरी चटया आल्या. रुमाल आणि उशांचे अभ्रे बसून केले तरी चालतील, असं थोरलीनं स्वतःच जाहीर केलं.

आता रोज अकराच्या सुमारास दोघी, फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवल्याप्रमाणे, भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणतात. एका गिऱ्हाइकानं विचारलं, भिंत पडतेय का.

"दोन मिनिटं धरतोय," थोरली म्हणाली, "मग तुमचे कपडे घेते."

धाकटीची टाच तीन महिन्यांत जवळजवळ बरी झाली. थोरलीचं दुखणं जुनं, ते सावकाश निघतंय. पण हल्ली सकाळी ती भिंत न धरता जिना उतरते, आणि आज कसं आहे ते कुणी न विचारता सांगते.