टाकीवर जुळवलेली दुर्बीण

"अप्पा, टाकीवर कशाला लावताय? चिमणीवर लावा की."

"टाकी काय पळून जाती का?" शिवलिंगप्पा स्क्रू पिळत म्हणाले.

त्यांच्या लेकीनं, जगदेवीनं, गच्चीवरून लांबच्या चिमणीकडे पाहिलं. मोठ्या दुर्बिणीच्या पत्र्याच्या नळीवर वीतभर उंचीला छोटी दुर्बीण बसवलेली होती. शनी आधी छोटीतल्या सुताच्या फुलीवर धरायचा, मग तो मोठीत सापडायचा. त्यासाठी दिवसाउजेडी दोन्ही नळ्या एकाच वस्तूवर जुळवून घ्यायच्या. ती वस्तू लांबची हवी, जवळची फसवते, तिच्यावर जुळवलेल्या नळ्या आभाळात एकीकडे बघत नाहीत, हे ती शाळेत असताना अप्पांनीच तिला शिकवलं होतं. इतकी वर्षं ते गिरणीची चिमणी धरत आले. शेजारची पांढरी टाकी तर हाकेच्या अंतरावर होती.

गिरणीत कापड तपासण्यात अप्पांची हयात गेली. कापडातले धागे मोजायची काच त्यांनी निवृत्त होताना मागून घेतली आणि दुर्बिणीला डोळ्याकडून बसवली. तिच्यातून शनी बारका दिसे. कडं कळे, पण गोळ्यापासून सुटं होत नसे. "दोन काचा बास," ते म्हणायचे. "एक हुडकायला, एक बघायला." बघायची काच या दिवाळीला जगदेवीनं मुंबईहून मागवली. वाचनालयातल्या नोकरीत तिनं ग्रहताऱ्यांची सगळी पुस्तकं वाचून काढली होती, तरी काय मागवायचं ते अप्पांनाच विचारलं. सगळ्यात जोरदार नको, म्हणाले, तिच्यात नुसता धुरकट गोळा दिसतो. मधली घे.

अंधार पडला तसा पलीकडच्या गच्चीवरून धुळाप्पा ओरडला, "काय शिवलिंगप्पा, घावला का शनी? का त्या पेपरातल्या धूमकेतूवानी हे बी फुसकं?"

"तुझ्या राशीला बसलाय म्हणं! तितंच बघ की!"

धुळाप्पा हसत खाली गेला.

जगदेवीनं शनी फुलीवर धरला आणि नव्या काचेला डोळा लावला. काळं. पुन्हा धरला. काळंच. अप्पांनी जुळवण्यात कधी चूक केली नव्हती. तिनं शेजारच्या पांढऱ्या टाकीकडे पाहिलं.

"अप्पा, चिमणी दिसत नाही तुम्हाला?"

ते उगाच स्क्रू चाचपत राहिले. "दिवाळीपासनं न्हाय."

"डॉक्टर चष्म्याचा नंबर बदललाय म्हणाले होते ना?"

"ते मी म्हणलो. डॉक्टर काचबिंदू म्हणला. गेलेली नजर काय परत येत न्हाय."

"मग मला सांगायचं नाही?"

"तू काच मागवली होतीस की."

नवी काच काढून तिनं गिरणीची काच बसवली. तिच्यात आभाळ जास्त मावत होतं. शनी अगदी कडेला सापडला. नळी सरकवत तिनं तो मधोमध आणला आणि जपून काच बदलली.

"या अप्पा. लवकर या, सरकतोय."

खांद्याला धरून तिनं त्यांचा डोळा काचेशी आणला. ते बघत राहिले. शनी निसटला, तिनं परत आणला. पुन्हा निसटला, पुन्हा आणला. मग अप्पा सरळ झाले.

"काळं हाय," ते म्हणाले, कापडातला दोष सांगावा तसं. "तू बघ. कडं सुटं दिसतंय का?"

तिनं डोळा लावला. "दिसतंय."

"दोन्ही बाजूंनी?"

"दोन्ही बाजूंनी. मधे काळी फट आहे."

"नीट बघ."

"आहे, अप्पा."

"मग काच चांगली हाय."

त्यांनी छोट्या दुर्बिणीचे स्क्रू एकेक करून सैल केले. "सकाळी तूच चिमणीवर लाव." मग चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं दोन्ही भिंगं पुसली आणि घडी करून खिशात ठेवला.

जिन्यातला दिवा लावायला जगदेवी पुढं झाली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि भिंतीला हात लावून पहिली पायरी उतरले.